विजेची येरझार

विजेच्या घटाला दोन तारा जोडून त्या मिठाच्या पाण्यात बुडविल्या, म्हणजे त्या पाण्यात काही रासायनिक फेरफार घडून येतात, ही गोष्ट शाळेच्या प्रयोगशाळेत डोकावलेल्या कोणालाही ठाऊक असते. किती वीज खर्च केली असता किती पदार्थ सुटा होतो, याचे नियम मायकेल फॅरडे यांनी १८३३ व १८३४ या वर्षांत घालून दिले. चांदीचा मुलामा देणाऱ्या कारागिरापासून ॲल्युमिनियमच्या प्रचंड कारखान्यापर्यंत सर्वांचा हिशेब आजही त्याच नियमांवर चालतो. परंतु हे नियम जमाखर्चाचे आहेत. पदार्थाने इलेक्ट्रॉन दिला तो विजेच्या किती दाबाला दिला, आणि दिल्यानंतर त्याचे पुढे काय झाले, तो तसाच राहिला, की मोडला, की भलत्याच पदार्थाशी संधान बांधून बसला, हे त्या जमाखर्चातून कळत नाही. ते कळून घेण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी एक वेगळीच युक्ती काढली. ती सांगावयास अगदी सोपी आहे. द्रावणात बुडविलेल्या तारेवरचा दाब ठराविक वेगाने वाढवीत न्यावयाचा, एका मर्यादेला पोहोचल्यावर त्याच वेगाने परत आणावयाचा, आणि या जाण्यायेण्यात क्षणोक्षणी किती प्रवाह वाहिला त्याचा आलेख काढावयाचा. या पद्धतीला सायक्लिक व्होल्टामेट्री असे भारदस्त नाव आहे. मराठीत चक्रीय दाब-प्रवाहमापन म्हणता येईल. पण येरझार हा घरगुती शब्द तिचे मर्म अधिक नेमके सांगतो, कारण या पद्धतीत जाण्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व परत येण्याला आहे.

तिची हकीकत प्राग शहरात सुरू होते. १९१८ साली तेथील विद्यापीठात यारोस्लाव्ह हेरोव्स्की नावाचा एक तरुण डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला बसला. त्याचे वडील रोमन कायद्याचे प्राध्यापक होते. मुलाने मात्र लंडनला जाऊन रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि महायुद्धाच्या काळात लष्करी इस्पितळात औषधे तयार करण्याचे काम पाहिले होते. परीक्षकांपैकी बोहुमिल कुचेरा हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. काचेच्या अतिसूक्ष्म नळीतून थेंब थेंब गळणाऱ्या पाऱ्यावर विजेचा दाब बदलला असता त्याच्या पृष्ठभागाचा ताण कसा बदलतो, हे ते थेंब तोलून पाहात असत, आणि त्या मापनांत काही ठिकाणी उत्तर न सापडणारे चढउतार येत. परीक्षेच्या निमित्ताने निघालेला हा विषय हेरोव्स्कींच्या मनात घर करून बसला. त्यांनीही पुष्कळ थेंब तोलले. हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करता येते. अखेर थेंबाचे वजन करण्याऐवजी त्यातून वाहणारा प्रवाहच का मोजू नये, असा विचार त्यांनी केला, आणि १० फेब्रुवारी १९२२ रोजी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गळणारा पारा व एक संवेदनशील गॅल्व्हानोमीटर यांच्या साहाय्याने दाब आणि प्रवाह यांचा आलेख काढला. पुढे जपानहून आलेल्या मासुझो शिकाता यांच्या सहकार्याने त्यांनी हा आलेख छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटविणारे यंत्र तयार केले, आणि जेथे एका आलेखास तास तास जाई तेथे तो काही मिनिटांत मिळू लागला. त्या यंत्राला पोलॅरोग्राफ हे नाव मिळाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने हेरोव्स्कींना १९५५ सालीच आपले सन्मान्य सदस्य करून घेतले होते; नोबेल पारितोषिक त्यानंतर चार वर्षांनी, १९५९ साली आले.

पाऱ्याच्या थेंबाचा मोठा गुण असा की, दर काही सेकंदांनी जुना थेंब गळून पडतो आणि नवा, स्वच्छ पृष्ठभाग पुढे येतो. पाटी सतत कोरी. म्हणून मापने विलक्षण विश्वासार्ह येत. पण जो गुण तोच दोष. थेंब पडला की त्यावर जे काही घडले ते त्याच्याबरोबर खाली जाई, आणि नव्या थेंबाला मागचे काही ठाऊक नसे. अमुक दाबाला पदार्थाने इलेक्ट्रॉन घेतला, एवढे कळे. घेतल्यावर तो परत द्यावयास तयार होता की नाही, हे विचारण्यापूर्वीच साक्षीदार उठून गेलेला असे. हा प्रश्न विचारावयाचा तर दाबाची संपूर्ण फेरी एकाच थेंबाच्या आयुष्यात उरकली पाहिजे, म्हणजे वेग वाढविला पाहिजे. आणि तेवढ्या वेगाची नोंद गॅल्व्हानोमीटरचा डुलणारा आरसा करू शकत नव्हता. इलेक्ट्रॉनांच्या झोताने पडद्यावर रेघ काढणारा ऑसिलोग्राफ हाती आल्यावरच ते शक्य झाले. १९४८ साली बर्मिंगहॅमच्या जॉन रँडल्स यांनी आणि प्रागच्या ऑगस्टिन शेव्हचिक यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, वेगाने बदलणाऱ्या दाबाखाली प्रवाह किती व का वाहतो याचे गणित मांडले. शेव्हचिक यांनी वापरलेला दाब त्रिकोणी होता, म्हणजे सरळ रेषेत चढणारा व सरळ रेषेत उतरणारा. आजच्या येरझारीचा नकाशा तोच होय.

आता या प्रयोगाची मांडणी पाहू. पूर्वी दोन तारा होत्या; येथे तीन लागतात. जिच्यावर रासायनिक क्रिया घडते ते कार्यकारी विद्युदग्र. ते बहुधा प्लॅटिनमचे, सोन्याचे किंवा काचेसारख्या गुळगुळीत कार्बनचे असते. पाऱ्याचा वापर त्याच्या विषारीपणामुळे आज पुष्कळच कमी झाला आहे. दुसरे संदर्भ-विद्युदग्र, उदाहरणार्थ सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार. त्याचा स्वतःचा दाब ढळत नाही, म्हणून कार्यकारी विद्युदग्राचा दाब त्याच्याशी ताडून मोजतात. परंतु त्याच्यातून प्रवाह वाहू दिला तर तेही ढळेल. म्हणून प्रवाहाचा भार वाहण्यासाठी तिसरे, साहाय्यक विद्युदग्र ठेवावे लागते. सरकारी तिजोरीत हिशेब तपासणाऱ्याच्या हाती रोकड देऊ नये असा जो जुना दंडक आहे, तोच येथेही लागू पडतो: जो माप सांगतो त्याने देवघेव करू नये. या तिघांवर देखरेख ठेवणाऱ्या विद्युत्-यंत्राला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात. ते १९४२ साली हिकलिंग यांनी प्रथम वर्णिले आणि हे नावही त्यांनीच दिले.

द्रावणात ज्या पदार्थाची परीक्षा करावयाची तो थोडासा असतो, आणि त्याच्या कितीतरी पट पोटॅशियम क्लोराइडसारखे एखादे निरुपद्रवी लवण घालतात. वीज वाहून नेण्याचे काम हे लवण करते. त्यामुळे परीक्षेचा पदार्थ विजेच्या ओढीने न धावता, जेथे दाटी आहे तेथून जेथे विरळ आहे तिकडे सरकण्याच्या आपल्या स्वाभाविक गतीनेच विद्युदग्राकडे येतो. या गतीला विसरण म्हणतात. द्रावण ढवळावयाचे नाही, भांड्याला धक्का लावावयाचा नाही. विद्युदग्र बारीक ॲल्युमिना पुडीने घासून लख्ख केलेले असावे लागते. या घासण्यात आळस केला तर पुढचे सर्व गणित व्यर्थ जाते, हे शिकविण्यासाठी पुस्तकाची गरज पडत नाही, पहिला वेडावाकडा आलेखच ते शिकवितो.

उदाहरणासाठी पोटॅशियम फेरोसायनाइड घेऊ. या पिवळसर लवणातील लोहाचा अणू एक इलेक्ट्रॉन टाकून देऊ शकतो, आणि मग त्याचे फेरिसायनाइड होते. इलेक्ट्रॉन टाकण्याला ऑक्सिडीभवन आणि घेण्याला क्षपण अशी शास्त्रीय नावे आहेत. दाब शून्यापासून सुरू करून दर सेकंदाला ५० मिलिव्होल्ट या वेगाने अर्ध्या व्होल्टपर्यंत न्यावा आणि तसाच परत आणावा. दहा सेकंद जावयाला, दहा यावयाला. आरंभी आलेखाची रेघ जवळजवळ सपाट असते. पाव व्होल्टच्या आसपास आल्यावर फेरोसायनाइड इलेक्ट्रॉन देऊ लागते आणि रेघ भराभर चढते. दाब वाढतच असतो, तेव्हा प्रवाहही वाढतच जाईल अशी कोणाचीही अपेक्षा असते. पण तसे होत नाही. रेघ एका शिखराला पोहोचते आणि दाब वाढत असतानाही खाली उतरू लागते.

हे शिखर का येते, हे ज्याने उन्हाळ्यात विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही. रात्रभर साठलेले पाणी असते तोवर मोट भरभरून येते. ते संपले की झऱ्यांतून जितके पाझरेल तितकेच वर येते. मग बैलांना कितीही हाकारा, मोट अर्धीच भरते. विद्युदग्राला चिकटून असलेले फेरोसायनाइड हे साठलेले पाणी, आणि दुरून विसरणाने सरकत येणारे फेरोसायनाइड हे झरे. जवळचा साठा संपला की प्रवाह झऱ्यांच्या भरवशावर पडतो, आणि हे रिते झालेले क्षेत्र जसजसे रुंदावते तसतशी वाट लांबत जाऊन प्रवाह आणखी घटतो. दहा सेकंदांत हे क्षेत्र फार तर मिलीमीटरच्या दशांशाच्या घरात पसरते. बाकीच्या भांड्याला या घडामोडींची वार्ताही नसते. दाब अधिक वेगाने वाढविला तर क्षेत्र पसरावयास अवधी मिळत नाही, झरे जवळ राहतात आणि शिखर उंच येते. मात्र वेग चौपट केला असता शिखर चौपट होत नाही, दुप्पट होते. वेगाच्या वर्गमुळाचा हा नियम रँडल्स आणि शेव्हचिक यांच्या नावाने ओळखला जातो. शिखर या नियमाने वाढले म्हणजे पदार्थ विसरणाने येत आहे याची खूण पटते, आणि त्याच्या उंचीवरून द्रावणातील पदार्थाचे प्रमाणही काढता येते.

इथपर्यंत ही जाण्याची गोष्ट झाली. आता दाब परत फिरतो. विद्युदग्रावर तयार झालेले फेरिसायनाइड कोठे दूर गेलेले नसते. ते त्या मिलीमीटरच्या दशांशातच घोटाळत असते. दाब पुरेसा खाली आला की ते गमावलेला इलेक्ट्रॉन परत घेते, प्रवाह उलट दिशेने वाहतो, आणि आलेखात खालच्या बाजूस दुसरे शिखर उमटते. व्यवहार चोख असेल तर दोन्ही शिखरे सारख्या उंचीची असतात, आणि त्यांच्यातील अंतर, २५ अंश सेल्सियस तपमानाला व एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीसाठी, सुमारे ५९ मिलिव्होल्ट भरते. प्रत्यक्षात ते थोडे अधिकच येते, कारण द्रावणाचा स्वतःचा विरोध काही दाब खाऊन टाकतो. इलेक्ट्रॉनची देवघेवच मंद असेल तर शिखरे एकमेकांपासून फार दूर सरकतात. दोहोंच्या मधोमध पडणारा दाब हा त्या पदार्थाचा जणू स्वभावच. तेथे इलेक्ट्रॉन देणे आणि घेणे यांची ओढ समसमान असते. आता, आलेख काढताना धन दाब उजवीकडे दाखवावा की डावीकडे, याबद्दल निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत दीर्घकाळ एकमत नव्हते. पोलॅरोग्राफीच्या काळापासून ऋण दाब उजवीकडे काढण्याची रूढी होती आणि अमेरिकेत ती पुष्कळ वर्षे टिकली. त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना आलेखाची बाजू आधी पाहिलेली बरी.

ज्या पदार्थाचे परतीचे शिखर उमटतच नाही, त्याची गोष्ट अधिक उद्‌बोधक असते. रजिस्टर टपालाने कागद पाठविला आणि त्याची पोहोच आली नाही, तर कागद मिळालाच नाही असे म्हणता येत नाही. कदाचित मिळाला, पण घेणारा पत्त्यावर राहिला नाही. इलेक्ट्रॉन दिल्यावर पदार्थ मोडला, पाण्याशी संयोग पावला किंवा शेजाऱ्याशी जडला, तर परतीच्या वाटेवर इलेक्ट्रॉन घ्यावयास कोणी उरत नाही. येथे वेगाची मात्रा उपयोगी पडते. जो पदार्थ जन्मल्यावर सेकंदाभरात मोडतो, तो वीस सेकंदांच्या येरझारीत परत भेटणे शक्य नाही. परंतु तीच येरझार शंभर पट वेगाने, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात उरकली, तर तो मोडण्यापूर्वीच गाठला जातो आणि परतीचे शिखर डोके वर काढते. कोणत्या वेगाला ते उमटू लागते यावरून त्या अल्पायुषी पदार्थाचे आयुष्य काढता येते. हा हिशेब तपशिलाने करण्याची सोय विस्कॉन्सिन विद्यापीठातील निकोल्सन आणि शेन यांनी १९६४ साली करून दिली, आणि तेव्हापासून ही पद्धत विद्युत्-रसायनाच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत रूढ झाली.

मग वेग वाढवीतच का जाऊ नये? त्याला एक आडकाठी आहे. विद्युदग्र आणि द्रावण यांच्या सीमेवर विजेचा साठा होतो. दाब बदलला की हा साठा भरावा किंवा रिता करावा लागतो, आणि त्यासाठी जो प्रवाह वाहतो त्याचा पदार्थाशी काहीही संबंध नसतो. हा फुकटचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो; पदार्थाचा प्रवाह मात्र वर्गमुळाने. वेग फार वाढविला तर दुसरा पहिल्यात बुडून जातो. आणि मोठ्या विद्युदग्रावर मोठे प्रवाह खेळविले, की द्रावणाच्या विरोधाने सगळा आलेखच तिरका होतो. यातून मार्ग निघाला तो विद्युदग्र अतिशय लहान करण्याचा, आणि त्या मार्गाने ही पद्धत रसायनशाळेबाहेर पडून जिवंत मेंदूत जाऊन पोहोचली.

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते काही रासायनिक द्रव्यांच्या द्वारे. डोपामीन हे त्यांपैकी एक. ते पुरविणाऱ्या पेशी नष्ट होऊ लागल्या म्हणजे हातांना कंप सुटतो, अंग ताठरते, चाल अडखळते. यालाच पार्किन्सनचा रोग म्हणतात. डोपामीन सहज ऑक्सिडीभूत होते, तेव्हा मेंदूत विद्युदग्र ठेवून ते मोजता येईल, असा विचार कॅन्सस विद्यापीठातील राल्फ ॲडम्स आणि त्यांचे सहकारी यांनी केला, व १९७३ साली त्यांनी उंदराच्या मेंदूत कार्बनचे विद्युदग्र बसवून आलेख मिळविला. शिखर तर उमटले. परंतु ते मुख्यतः डोपामीनचे नव्हते, हे पुढे उघड झाले. ते होते क जीवनसत्त्वाचे. आवळ्यात आणि लिंबात विपुल असलेले हे द्रव्य मेंदूच्या पेशींभोवतीच्या द्रवातही भरपूर असते, डोपामीनच्या शेकडो पट किंवा त्याहूनही अधिक. आणि ते इलेक्ट्रॉन देते तोही जवळपास त्याच दाबाला. केवळ जाण्याच्या वाटेवर पाहिले तर गर्दीत डोपामीन ओळखणे कठीण.

परतीच्या वाटेवर मात्र दोघांतला फरक लपत नाही. क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन देऊन मोकळे झाले की क्षणार्धात पाण्याशी संयोग पावते आणि अशा रूपात जाते की त्याला इलेक्ट्रॉन परत घेता येत नाही. त्याची पोहोच येत नाही. डोपामीनचे इलेक्ट्रॉन गेल्यावर जे क्विनोन बनते ते मात्र काही काळ टिकते, आणि दाब उतरला की इलेक्ट्रॉन परत घेऊन पुन्हा डोपामीन होते. मनुष्याच्या केसाच्या दशांशाइतक्या जाडीचा कार्बनचा तंतू विद्युदग्र म्हणून वापरून मिलर, स्टॅमफर्ड, क्रुक आणि वाइटमन यांनी १९८५ साली उंदराच्या मेंदूत डोपामीन सुटते केव्हा आणि नाहीसे होते केव्हा याचा वेध घेतला. आज रूढ असलेल्या रीतीत दाब ऋण ०.४ व्होल्टपासून धन १.३ व्होल्टपर्यंत जाऊन परत येतो, तो सेकंदाला ४०० व्होल्ट या वेगाने. संपूर्ण येरझार साडेआठ सहस्रांश सेकंदात आटोपते, आणि अशा दहा येरझारा दर सेकंदाला होतात. फुकटचा प्रवाह या वेगाला प्रचंड असतो. पण तो काही सेकंदांपुरता स्थिर असल्याने आधीचा आलेख नंतरच्या आलेखातून वजा करता येतो, आणि बाकी उरते ती मधल्या काळात सुटलेल्या डोपामीनची निशाणी: चढताना सुमारे ०.६ व्होल्टला एक शिखर, उतरताना ऋण ०.२ व्होल्टच्या आसपास दुसरे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे मापन मनुष्यावरही केले गेले. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत उपचाराची विद्युत्-तार बसविण्याची शस्त्रक्रिया चालू असता, रुग्ण जागा राहून गुंतवणुकीचा एक खेळ खेळत होता, आणि त्याच वेळी त्याच्या मेंदूतील डोपामीनचे चढउतार सेकंदाहूनही कमी अंतराने टिपले जात होते.

या आलेखावर किती विश्वास ठेवावा, याची मर्यादा संशोधकांना ठाऊक आहे. ज्याला डोपामीनचा सख्खा भाऊ म्हणता येईल ते नॉरॲड्रेनलिन त्याच दाबाला इलेक्ट्रॉन देते, त्याच दाबाला परत घेते, आणि दोघांचे आलेख एकावर एक ठेवले तर तसूभर फरक दिसणे कठीण. तेथे येरझारीचाही इलाज चालत नाही. मग तंतूचे टोक मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात बसले आहे, तेथे दोहोंपैकी कोणत्या द्रव्याच्या पेशींचे धागे पोहोचतात, आणि त्यांपैकी एकाच द्रव्यावर चालणारे औषध दिले असता आलेख बदलतो की नाही, हे निराळ्या मार्गांनी पडताळून पाहावे लागते. त्या पडताळणीवाचून कोणताही जाणकार संशोधक त्या शिखरावर डोपामीन असे नाव लिहीत नाही.